सोलापुरात क्विअर सत्संगासाठी संस्था नोंदवायची तर : पहिल्या बैठकीपासून पहिल्या ऑडिटपर्यंत

दहा-पंधरा जण महिन्यातून एकदा कुणाच्या तरी गच्चीवर भजनाला जमतात, तोवर नोंदणीची गरज पडत नाही. गरज पडायला लागते ती सभागृहवाला संस्थेच्या लेटरहेडवर अर्ज मागतो तेव्हा. किंवा सगळ्यांची वर्गणी एकाच माणसाच्या गुगल पेवर जमा होत राहते आणि ‘हे पैसे कुठले?’ या घरच्यांच्या प्रश्नाला त्याला उत्तर देता येत नाही, तेव्हा. आणि ज्याच्या खांद्यावर सगळं उभं आहे त्याची पुण्याला बदली झाली की जमणंच थांबतं, तेव्हा तर नक्कीच. यातलं एक जरी घडायला लागलं असेल, तरी संस्था काढायची वेळ झाली आहे.

सोलापूर आणि आसपासच्या गावांतून, म्हणजे पंढरपूर, अक्कलकोट, बार्शी, तुळजापूरकडून जमणाऱ्या क्विअर (समलिंगी, उभयलिंगी, पारलिंगी, तृतीयपंथी) माणसांच्या आध्यात्मिक गटांसाठी हे लिहिलं आहे. गट अभंगांचा असो, ध्यानाचा असो किंवा शरणांच्या (लिंगायत संतांच्या) वचनांचा असो, कागद तेच लागतात.

आधी एक शंका मिटवू. अशी संस्था कायदेशीर आहे का? पूर्णपणे आहे. संघटना स्थापन करण्याचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद १९ मध्ये आहे. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी नालसा निकालात तृतीयपंथी व्यक्तींचे मूलभूत हक्क मान्य केले, आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी नवतेजसिंह जोहर निकालात प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध कलम ३७७ मधून वगळले. त्याच्याही कितीतरी आधी मुंबईत हमसफर ट्रस्ट (१९९४) आणि पुण्यात समपथिक ट्रस्ट (२००२) उभे राहिले आहेत. तुम्ही महाराष्ट्रात काही नवीन मागत नाही आहात, हे डोक्यात ठेवूनच कार्यालयाची पायरी चढा.

या सगळ्या खटाटोपात एकच गोष्ट सतत लक्षात ठेवायची आहे. संस्थेचं नाव, पत्ता, विश्वस्त हे सगळं सरकारदरबारी उघडं असतं. मेळाव्याला येणाऱ्या माणसाचं नाव उघडं होता कामा नये. ही दोन वर्तुळं पहिल्या दिवसापासून वेगळी ठेवली तर पुढचे बरेच प्रश्न उभेच राहत नाहीत. खाली दिलेला प्रत्येक सल्ला याच एका धोरणातून आला आहे.

ट्रस्ट, सोसायटी की कंपनी?

वाटा तीन आहेत. पहिली, महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खाली धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात नोंदवायचा ट्रस्ट. दुसरी, संस्था नोंदणी अधिनियम १८६० खाली सोसायटी. तिला किमान सात सभासद लागतात, आणि महाराष्ट्रात तिची नोंदणी ट्रस्ट म्हणूनही करावी लागते. तिसरी, कंपनी कायदा २०१३ च्या कलम ८ खालची ना-नफा कंपनी. ही कंपनी निबंधकांकडे नोंदवायची असते, डिजिटल सही, संचालक क्रमांक, दरवर्षीची विवरणपत्रं असा तिचा खर्च असतो. महिन्याला एक मेळावा घेणाऱ्या गटाला तो परवडत नाही, म्हणून तिचा विचार इथेच सोडू.

सोसायटीच्या बाजूने एक मुद्दा खरा आहे. तिथे सर्वसाधारण सभा असते, निवडणूक होते, चारचौघांच्या मताला किंमत असते. पण त्या लोकशाहीसाठी सभासदांची यादी ठेवावी लागते, सभेला नोटीस काढावी लागते, सह्या घ्याव्या लागतात. जिथे निम्म्या लोकांनी घरी काही सांगितलेलं नाही, तिथे सभासद नोंदवही कपाटात असणं हाच धोका आहे. वाद झाला की ती नोंदवही कार्यालयात दाखल होते, आणि तिची नक्कल विरोधी गटाच्या हातात जाते. म्हणून अशा गटाने ट्रस्टच काढावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. ट्रस्टमध्ये फक्त विश्वस्तांची नावं जातात. सर्वांचं मत घेण्यासाठी डीडमध्ये (ट्रस्टच्या विश्वस्तपत्रात) ‘सल्लागार मंडळ’ ठेवा, त्याच्या बैठका घ्या, पण त्याची यादी कुठे दाखल करू नका.

क्रमांकावरूनही फरक कळतो. सोसायटीला ‘एफ’ अक्षराचा नोंदणी क्रमांक मिळतो, धर्मादाय ट्रस्टला ‘ई’चा.

विश्वस्त कोण?

पाच घ्या. तिघांची गणपूर्ती ठेवता येते आणि मतं समसमान पडत नाहीत. दोघांवरही ट्रस्ट निघतो, पण एकाने पाठ फिरवली की दुसरा अडकून पडतो.

प्रत्येक विश्वस्ताचं नाव, वय, व्यवसाय, घरचा पत्ता नोंदवहीत चढतो. कुणीही अर्ज करून त्याची नक्कल काढू शकतो. म्हणून विश्वस्त होणाऱ्याला सही करायच्या आधी एक प्रश्न विचारा : उद्या हा कागद तुझ्या काकांच्या हातात पडला तर चालेल का? ‘चालेल, बघू’ असं उत्तर आलं तर ते ‘नाही’ समजा. ज्यांनी घरी आणि कामावर मोकळेपणाने सांगितलेलं आहे अशी किमान तीन माणसं, आणि उरलेले मित्रपक्षाचे, म्हणजे एखादी आई, निवृत्त शिक्षक, वकील, डॉक्टर, असा मेळ घाला. एका कुटुंबातून एकापेक्षा जास्त जण घेऊ नका. मात्र पाचही विश्वस्त बाहेरचे आणि आतला एकही नाही, असं होऊ देऊ नका. आपल्या गटाचे निर्णय आपल्याच माणसांनी घेतले पाहिजेत. डीडमध्येच लिहा : ‘विश्वस्तांपैकी किमान तीन व्यक्ती लैंगिक अल्पसंख्याक समुदायातील असतील.’

पारलिंगी विश्वस्ताच्या कागदांकडे वेगळं लक्ष द्यावं लागतं. आधारवर एक नाव, पॅनवर दुसरं, आणि डीडमध्ये माणसाचं आजचं खरं नाव, असं झालं की पहिला नकार बँकेतून येतो. डीडवरचं नाव आधार आणि पॅनशी तंतोतंत जुळलं पाहिजे. नाव बदलायचं काम सुरू असेल तर राजपत्रातली नोंद, जिल्हाधिकाऱ्यांकडून मिळणारं तृतीयपंथी ओळखपत्र, मग आधार, मग पॅन हे आधी उरका. थांबायला वेळ नसेल तर कागदावरचं नाव आणि पुढे ‘ऊर्फ’ लावून खरं नाव लिहा, आणि नंतर चेंज रिपोर्टने (धर्मादाय कार्यालयाला बदल कळवणाऱ्या अर्जाने) दुरुस्त करा.

डीड लिहिताना

डीड म्हणजे विश्वस्तपत्र. स्टॅम्पपेपरवर टाइप करून घ्यायचं. ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात १०० आणि २०० रुपयांच्या मुद्रांकाच्या जागी किमान ५०० चा लागतो, हे लक्षात असू द्या. कोर्टाजवळचे टायपिस्ट तयार नमुना देतात. तो घ्यायला हरकत नाही, पण तो बहुतेक वेळा शाळा किंवा देवस्थानासाठीचा असतो आणि त्यात तुमच्या कामाची कलमं नसतात.

नाव असं ठेवा की पावतीवर, यूपीआयच्या संदेशात, बँकेच्या पासबुकात दिसलं तरी देणाऱ्याला घरात खुलासा करावा लागू नये. नाव साधं, उद्दिष्ट स्पष्ट. उलटं करू नका. नाव झळझळीत ठेवून उद्दिष्टात ‘समाजसेवा’ एवढंच लिहिलं, तर उद्या कुणीही म्हणेल की ट्रस्ट मूळ हेतू सोडून चालला आहे, आणि त्याला उत्तर राहणार नाही. नाव आधीच कुणी घेतलेलं नाही ना, ते धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर शोधून बघा. छत्रपती शिवाजी महाराज, महात्मा गांधी यांची नावं बोधचिन्हे व नावे अधिनियम १९५० मुळे चालत नाहीत.

नोंदणीकृत पत्त्यासाठी मालकाचा ना-हरकत दाखला आणि वीजबिल किंवा मिळकत कर पावती लागते. भाड्याच्या खोलीचा पत्ता देऊ नका. घरमालकाच्या दारात एखादं सरकारी पत्र आलं आणि त्याने वाचलं, तर खोली जाते. एखाद्या विश्वस्ताचं स्वतःच्या मालकीचं घर किंवा वकिलाचं कार्यालय हा पत्ता बरा.

कार्यक्षेत्र ‘सोलापूर शहर’ लिहिलंत तर पंढरपुरातला वारीकाळचा मुक्कामही बाहेर जातो. ‘संपूर्ण महाराष्ट्र राज्य’ लिहा. सुरुवातीचा निधी १,००० ते ५,००० रुपये पुरतो.

मग येतं ते सगळ्यात दुर्लक्षित कलम : नवा विश्वस्त कसा नेमायचा. अर्जात ‘विश्वस्तपदाच्या उत्तराधिकाराची पद्धत’ असा रकाना असतो. लोक तिथे ‘विश्वस्त ठरवतील तसे’ असं लिहून मोकळे होतात. चार वर्षांनी दोघे गाव सोडून जातात, एकाशी अबोला होतो, आणि उरलेल्या दोघांच्या ठरावाला आक्षेप येतो. मुदत पाच वर्षं, राजीनामा लेखी, सलग तीन सभांना विनाकारण गैरहजर राहिला तर पद रिकामं, रिकामी जागा तीन महिन्यांत उरलेल्यांनी बहुमताने भरायची, सभेची नोटीस सात दिवस आधी. एवढं शब्दशः लिहा. विश्वस्ताला काढायचं असेल तर पाचपैकी चारांचं मत आणि त्याचं म्हणणं ऐकून घेण्याची अट घाला.

आणखी दोन कलमं तुमच्या गटासाठी खास. एक : कोणताही गुरू, मार्गदर्शक, कीर्तनकार किंवा विश्वस्त स्वतःच्या नावावर दक्षिणा घेणार नाही. श्रद्धेच्या जागी पैसा आणि सत्ता एकाच माणसाकडे गोळा व्हायला वेळ लागत नाही, आणि घरून तुटलेली माणसं अशा माणसाला सगळं देऊन बसतात. दुसरं : लैंगिक कल किंवा ओळख ‘बरी करण्याचा’ कोणताही उपचार, विधी, उपदेश संस्थेच्या व्यासपीठावर होणार नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये अशा ‘उपचारां’ना डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं आहे, आणि चमत्काराचे दावे, भूतबाधा उतरवण्याच्या नावाखाली मारहाण यांवर महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. तरीही कुणाची तरी आत्या मेळाव्यात एखाद्या बाबाला घेऊन येतेच. कलम असलं की दारावरच नम्रपणे नाही म्हणता येतं.

उद्दिष्टांची भाषा आणि ८०-जीचा गुंता

विश्वस्त कायद्याच्या कलम ९ मध्ये धर्मादाय हेतूंची यादी आहे : गरिबी किंवा संकटातून सोडवणूक, शिक्षण, वैद्यकीय मदत, समाजकल्याणासाठी विरंगुळ्याच्या सोयी, आणि सर्वसाधारण लोकोपयोगी कोणतंही काम. फक्त धार्मिक शिकवण किंवा पूजा एवढाच हेतू मात्र यात बसत नाही. आयकरातही तशीच गाठ आहे. ८०-जी (देणगीदाराला करात वजावट मिळवून देणारी मान्यता) हवं असेल तर धार्मिक स्वरूपाचा खर्च वर्षाच्या उत्पन्नाच्या ५ टक्क्यांपुढे जाता कामा नये, आणि संस्था एखाद्याच धर्मासाठी किंवा जातीसाठी असता कामा नये.

आकड्यांत बघा. वर्षाला २,४०,००० रुपये जमले तर ५ टक्के म्हणजे १२,०००, महिन्याला १,०००. हार-फुलं, प्रसाद आणि पेटी-तबलावाल्याचं मानधन धरलं तर एका मेळाव्यातच ही रक्कम ओलांडते. मग लोक प्रसादाला ‘अल्पोपाहार’ आणि पूजेला ‘सांस्कृतिक कार्यक्रम’ नाव देतात. हे करू नका. एकदा हिशोबावरचा विश्वास उडाला की नोंदणीच रद्द व्हायची वेळ येते.

त्यापेक्षा स्वतःला विचारा, ८०-जीचा उपयोग कुणाला आहे? नव्या करप्रणालीत ती वजावट मिळतच नाही, आणि महिन्याला २०० रुपये देणारी बहुतेक मंडळी त्याच प्रणालीत असतात. शिवाय ८०-जीची पावती द्यायची तर देणगीदाराचं नाव, पत्ता, पॅन आयकर खात्याला कळवावा लागतो. वजावट घ्यायची तर त्याला ती देणगी विवरणपत्रात दाखवावी लागते, आणि ते भरणारा सीए हा बहुधा वडिलांचाच सीए असतो. म्हणून पहिली दोन-तीन वर्षं ८०-जीच्या मागे लागू नका. फक्त १२-ए नोंदणी घ्या, म्हणजे संस्थेच्या उत्पन्नावर करसवलत मिळते. (आयकर कायदा २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू असल्याने कलमांचे आकडे बदलले आहेत, तरी सीएच्या कार्यालयात १२-ए आणि ८०-जी हेच शब्द चालतात.) समुपदेशन, शिष्यवृत्ती असं मोठं काम सुरू झालं आणि कंपन्यांकडे सीएसआरसाठी (सामाजिक जबाबदारीच्या निधीसाठी) जायचं ठरलं, की ८०-जी लागेल. तेव्हा बघा.

उद्दिष्टं साधारण अशी लिहिता येतात. ‘लैंगिक कल अथवा लैंगिक ओळखीमुळे कुटुंब वा समाजापासून दुरावलेल्या व्यक्तींना मानसिक, सामाजिक व आध्यात्मिक आधार देणे. सर्व धर्म, पंथ व जातींतील अशा व्यक्तींसाठी ध्यान, संतसाहित्य व शरणसाहित्याचे वाचन-गायन, मौन व संवादाचे मेळावे भरवणे. त्यांच्या पालकांसाठी मार्गदर्शन शिबिरे घेणे. संकटात सापडलेल्यांना तात्पुरता निवारा, वैद्यकीय व कायदेशीर मदत मिळवून देणे.’ आध्यात्मिक हा शब्द लपवलेला नाही, आणि एका धर्माला बांधलेलाही नाही.

धर्मादाय कार्यालयात

ट्रस्ट स्थापन झाल्यापासून तीन महिन्यांत कलम १८ खाली अर्ज करायचा. अर्ज अनुसूची दोनच्या नमुन्यात, आणि आता संकेतस्थळावरूनच भरावा लागतो. सोबत डीडची प्रत, प्रत्येक विश्वस्ताचं संमतिपत्र, ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा, फोटो, अर्जदाराला अधिकार देणारा ठराव, प्रतिज्ञापत्र, पत्त्याचा ना-हरकत दाखला. वकील दिला तर वकीलपत्र. सगळ्याचे तीन संच करा.

यानंतर कलम १९ ची चौकशी. इथे अर्ज रेंगाळतो तो तुमच्या विषयामुळे कमी आणि फुटकळ त्रुटींमुळे जास्त : डीडमध्ये ‘सुनिता’ आणि आधारवर ‘सुनीता’, ठरावाची तारीख डीडच्या आधीची, एका पानावर एका विश्वस्ताची सही राहिलेली. प्रत्येक पानावर पाचही सह्या आहेत का, हे दोघांनी वेगवेगळं तपासा.

प्रश्न विचारले जातील. ‘ही संस्था नेमकी कुणासाठी?’ याचं उत्तर खाली मान घालून देऊ नका आणि भांडणाच्या सुरातही देऊ नका. नालसा आणि जोहर या दोन्ही निकालांची पहिली पानं आणि कलम ९ मध्ये आपलं काम कुठे बसतं याचं अर्ध्या पानाचं टिपण सोबत ठेवा. तोंडी आक्षेप घेतला तर ‘साहेब, हा मुद्दा लेखी त्रुटीपत्रात द्या, आम्ही लेखी उत्तर देतो’ एवढंच म्हणा. लेखी आक्षेपाला कायद्याचा आधार दाखवावा लागतो, त्यामुळे नुसत्या नापसंतीचे मुद्दे तिथे सहसा टिकत नाहीत. उत्तराला पोच घ्या.

नोंदणी होण्याआधी पावतीपुस्तक छापून वर्गणी गोळा करू नका. गणेश मंडळांना जशी कलम ४१-क ची परवानगी लागते, तशीच तुम्हालाही लागेल.

बँक, दानपेटी, परदेशातले पैसे

प्रमाणपत्र मिळालं की पॅन, मग बचत खातं. खात्यावर तिघांच्या सह्या नोंदवा, कोणत्याही दोघांच्या सहीने व्यवहार. एकट्याच्या सहीचं खातं कधीच नको, तो माणूस कितीही भला असला तरी. त्यानंतर १२-एची तात्पुरती नोंदणी. ती तीन वर्षांची असते, पण प्रत्यक्ष काम सुरू झाल्यापासून सहा महिन्यांत नियमित नोंदणीचा अर्ज करायचा असतो. तीन वर्षं हाताशी आहेत म्हणून निवांत बसलेल्या संस्थांची नोंदणी इथेच लटकते.

गुप्तदानाबद्दल लोक फार घाबरतात. नाव-पत्त्याची नोंद नसलेल्या देणगीवर धर्मादाय संस्थेला ३० टक्के कर आहे, हे खरं. पण एकूण देणग्यांच्या ५ टक्के किंवा १ लाख रुपये, यातली जी रक्कम मोठी असेल तेवढी त्यातून वगळली जाते. वर्षाला अडीच लाख जमवणाऱ्या गटाच्या दानपेटीत लाखभर रुपये पडायचे नाहीत. तेव्हा पेटी बिनधास्त ठेवा. ज्याला नाव द्यायचं नाही त्याच्यासाठी ती मोठी सोय आहे. पेटीला दोन कुलुपं, किल्ल्या दोघांकडे, मेळावा संपताच तिघांसमोर मोजणी, नोटांची वर्गवारी लिहून तिघांच्या सह्या, आणि दुसऱ्या दिवशी सगळी रक्कम बँकेत. पेटीतून काढून तिथल्या तिथे जेवणाचं बिल भागवलं की हिशोबाची साखळी तुटते. खर्चासाठी खात्यातून वेगळी किरकोळ रोकड काढा.

अमेरिकेतला मामेभाऊ पैसे पाठवतो म्हणाला तर त्याचा पासपोर्ट कुठला ते विचारा. भारतीय नागरिक असेल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देत असेल, तर ती परकीय देणगी धरली जात नाही. नागरिकत्व बदललं असेल, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांचं कार्ड) असलं तरीही, एफसीआरए म्हणजे परकीय देणगी नियमन कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याशिवाय एक रुपया घेता येत नाही. नोंदणीसाठी किमान तीन वर्षं जुनी संस्था आणि त्या तीन वर्षांत १५ लाखांचा खर्च दाखवावा लागतो.

मेळावा भरवताना

सभागृह ठरवताना तारखांचं गणित आधी सोडवा. जानेवारीत संक्रांतीला गड्ड्याची यात्रा असते, नंदीध्वजांच्या मिरवणुकीने रस्ते बंद होतात, लॉज भरलेले असतात. आषाढीच्या आसपास पंढरपूरकडच्या एसटी गाड्यांत पाय ठेवायला जागा नसते. एप्रिल-मे लग्नसराई आणि ४२ अंशांच्या वरचं ऊन. ऑगस्ट, नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा आणि फेब्रुवारी हे महिने सोयीचे. वेळ सकाळी दहा ते साडेचार ठेवा, म्हणजे तुळजापूर-अक्कलकोटच्या माणसाला उजेडात एसटी मिळते आणि ‘कुठे होतास?’ला साधं उत्तर देता येतं.

देवळाचं सभागृह फुकट मिळत असलं तरी घेऊ नका. सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू, दखनी बोलणारी, वारकरी, लिंगायत, पद्मशाली, बौद्ध, मुस्लिम, ख्रिस्ती अशी सगळी माणसं येणार, आणि पहिला अडथळा उंबरठ्यावरच नको. मध्ये एक समई किंवा मेणबत्ती, सुरुवातीला दहा मिनिटं मौन, मग ज्याला जे येतं ते. तुकोबांचा अभंग, अक्कमहादेवींचं वचन, एखादी कव्वाली. कन्नड-तेलुगू ओळी देवनागरीत लिहून कागद वाटा, म्हणजे सगळ्यांना सूर धरता येतो.

सभागृहाच्या करारात कार्यक्रमाचं नाव, वेळ, माणसांची संख्या आणि ‘अनामत परत’ची तारीख लेखी घ्या. ऐनवेळी ‘आम्हाला माहीत नव्हतं’ म्हणून कुलूप लावलं तर हाच कागद कामी येतो. बंद सभागृहात ध्वनिक्षेपक लहान ठेवा. उघड्यावर लावायचा असेल तर पोलीस परवानगी लागते, आणि रात्री १० ते सकाळी ६ बंदी आहे. शहरात जमावबंदीचा आदेश चालू आहे का, ते आठवडाभर आधी पोलीस ठाण्यात विचारून घ्या.

चाळीस माणसांचा दिवस धरा. पाणी माणशी चार लिटर, म्हणजे २० लिटरचे आठ जार. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नसल्याने हात धुवायला आणि संडासाला टाकी भरलेली आहे का, हे आदल्या दिवशी प्रत्यक्ष झाकण उघडून बघा. दोन वेळच्या चहाला चार लिटर दूध, तेवढंच पाणी, पाऊण किलो साखर, १७५ ग्रॅम पत्ती. जेवणाला कडक भाकरी फार सोयीची, दोन दिवस आधी आणली तरी मऊ पडत नाही. माणशी दोन धरून वर दहा, एकूण नव्वद. एक किलो शेंगाचटणी, आमटीला अडीच किलो तूरडाळ, दही, कांदा. एक भांडं बिन कांदा-लसणाच्या आमटीचं वेगळं ठेवा.

दोन स्वच्छतागृहांच्या दारांवरच्या ‘पुरुष’, ‘स्त्रिया’ पाट्या झाकून ‘सर्वांसाठी’ असा कागद लावा आणि आतली कडी लागते का ते तपासा. बारीक गोष्ट वाटते, पण पाणीच न पिता दिवस काढणारी माणसं असतात.

दारावर नाव-फोन लिहायची वही ठेवू नका. ऑडिटरला चाळीस जेवणांचा पुरावा हवा असतो, तो ‘उपस्थिती ३८’ असा आकडा आणि दोन विश्वस्तांच्या सह्या असलेल्या कागदाने भागतो. फोटो चालणाऱ्यांना हिरवी, न चालणाऱ्यांना लाल टिकली कपड्यावर लावायला द्या. तरीही मौनात आणि भजनात फोन पिशवीत. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा ग्रुप केला की सगळ्यांना सगळ्यांचे नंबर दिसतात. त्याऐवजी ब्रॉडकास्ट यादी वापरा.

अठरा वर्षांखालच्यांना मुक्कामी मेळाव्यात घेऊ नका. एखादं मूल मदत मागत आलं तर त्याला परत न पाठवता बाल कल्याण समितीशी किंवा १०९८ या बालकांच्या मदतवाहिनीवर संपर्क साधून द्या. अत्याचाराची गोष्ट कानावर आली तर पॉक्सो कायद्याने ती कळवणं बंधनकारक आहे, हे प्रत्येक स्वयंसेवकाला आधीच सांगा. मोठ्यांपैकी कुणी भजनात कोसळून रडायला लागलं तर एक माणूस त्याच्यासोबत बाहेर बसायला मोकळा ठेवलेला असावा, आणि भिंतीवर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ क्रमांक. तक्रारीसाठी तिघांची समिती नेमा, त्यातली एक व्यक्ती विश्वस्त नसलेली.

वर्षभराचे कागद

तीन महिन्यांतून एकदा विश्वस्तांची सभा, इतिवृत्त बांधीव वहीत, पानांना क्रमांक. सुटी पानं चिकटवली की वहीवरचा विश्वास जातो. विश्वस्त बदलला, पत्ता बदलला, की ९० दिवसांत कलम २२ खाली चेंज रिपोर्ट. हा उशिरा केला तर विलंबमाफीचा अर्ज, सुनावणी, आणि तोवर बँक नव्या सह्या घेत नाही. नवोदित ट्रस्ट सगळ्यात जास्त इथेच अडकतात.

३१ मार्चला हिशोब बंद करा, सहा महिन्यांत ऑडिट पुरं करून घ्या. ताळेबंद अनुसूची आठमध्ये, जमाखर्च अनुसूची नऊमध्ये. पावत्या महिन्यावार पाकिटांत ठेवल्या तर ऑडिटर दोन तासांत मोकळा होतो. भाकरीवाल्या मावशींकडे छापील बिल नसतं, तेव्हा तारीख, नग, दर, रक्कम लिहिलेल्या व्हाउचरवर त्यांची सही किंवा अंगठा घ्या. हजाराच्या वरची रक्कम शक्यतो खात्यातूनच द्या. मूळ डीड, प्रमाणपत्र, पॅन आणि चेंज रिपोर्टचे आदेश यांच्या रंगीत प्रती दोन वेगवेगळ्या विश्वस्तांच्या घरी ठेवा, आणि विश्वस्त बदलला की फाइल सोपवल्याची पोच लेखी घ्या.